सहा भाकरी आणि एक चानकी

आमच्या भाकरी केंद्रात दोन गोष्टी झाकून ठेवता येत नाहीत. एक ज्वारीचं पीठ आणि दुसरे किस्से. पीठ निदान कपड्यांवरून झटकता तरी येतं. किस्से साठतच जातात. नगरला घरी गेले आणि चार मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "स्नेहल, तो कौसाबाईंचा सांग ना!" मग एकातून दुसरा निघतो, आणि मीही सांगत सुटते. एक किस्सा मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवते. 

आधी आम्ही कोण ते सांगते. मी नगर शहरातली, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. माझा कामातला जोडीदार अनिकेत राहात्याचा, इंजिनियर, घरी पेरूची बाग आणि पाटाचं पाणी. एका संस्थेनं आम्हाला स्वयंसेवक म्हणून दोन वर्षांसाठी जामखेड तालुक्यातल्या एका वाडीत पाठवलं. काम एका ओळीचं होतं: 'गावातल्या बायकांबरोबर एखादा उद्योग उभा करा.' ज्यानं ती ओळ लिहिली त्याला मी अजून शोधते आहे!

ही वाडी दसरा झाला की अर्धी रिकामी होते. ऊसतोडीचा ट्रक येतो, माणसं भांडीकुंडी घेऊन चढतात आणि उन्हाळ्यातच परत येतात. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि आम्ही.

*

भाकरी ही काही आमची पहिली आयडिया नव्हती. पहिली आयडिया अनिकेतची होती. मशरूम!

त्यानं तीन दिवस जागून प्रेझेंटेशन केलं. देवळाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. प्रोटीन, मार्केट, मार्जिन, सगळं झालं. शेवटी मशरूमचा एक भलामोठा फोटो आला आणि अनिकेत अभिमानानं गप्प उभा राहिला.

पुढच्या रांगेत कौसाबाई बसल्या होत्या. वय साठीच्या पुढं, दाताला कायम मिश्री, आणि वाडीतल्या सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघूनच हो-नाही ठरवणार. त्या फोटोजवळ गेल्या. नीट निरखून बघितलं.

"पोरा, ह्ये आमच्या उकिरड्यावर फुकट येतं," त्या म्हणाल्या. "आनि आमी तुडवून म्होरं जातो."

सभा संपल्यातच जमा होती. तरी निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "आजवर तीन संस्था आल्या. तिघींनी आमाला गाडीत घालून हिवरे बाजारचं आदर्श गाव दाखवून आनलं. तुमी बी न्हेनार का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग बसा," कौसाबाई म्हणाल्या. "च्या घेऊन जा."

त्या चहाबरोबर त्यांनी कडक भाकरी दिली. पापडासारखी पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणारी. तोडीला जाताना बायका ती गाठोड्यात बांधून नेतात. मी पहिला तुकडा मोडला आणि अनिकेतकडे बघितलं. त्यानं न बोलता प्रोजेक्टर पिशवीत घातला.

*

केंद्र सुरू झालं ते जुन्या खताच्या गोदामात. तीन वेळा धुतलं, चुना मारला, गॅसच्या शेगड्या आणल्या. बारा बायका आल्या; एक मंगलताई सोडल्या तर बाकीच्यांचं तोडीला जाणं वयानं सुटलेलं. पुण्यात धान्याची दुकानं चालवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्या म्हणाल्या, "सॅम्पल पाठवा. पास झालं तर सहा महिन्यांची ऑर्डर देते."

पण त्यांची अट होती, सगळ्या भाकरी एका मापाच्या हव्यात. अनिकेतनं जामखेडहून पत्र्याची रिंग बनवून आणली. थापलेल्या भाकरीवर दाबायची, कडा कापायच्या, झालं.

कौसाबाईंनी रिंग हातात घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. "भाकर थापायची असती. कापायची न्हाई."

अनिकेत चिडला. म्हणाला, "मग सगळ्यांच्या एकसारख्या कशा होणार? कुणाची कुठली ते तरी कळतं का तुम्हाला?"

हे बोलायला नको होतं! बायकांनी प्रत्येकी तीन अशा छत्तीस भाकऱ्या भाजल्या. अनिकेतनं त्या स्वतः उलटसुलट मिसळल्या, ढीग केला. बायका भोवती बसल्या. बोटांचे ठसे, कडेची जाडी, मधला फुगारा बघत एकेक उचलायला लागल्या. "ही सखूची." "ही मंगलची, तिचा अंगठा जोरात पडतो." चहा उकळेपर्यंत बारा गठ्ठे तयार.

एक भाकरी मधेच उरली. सदतिसावी. कुणीच हात लावेना.

"ही कुनाचीच न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "शेळीला घाला."

अनिकेतचे कान लाल झाले. "ती माझी आहे. गंमत म्हणून टाकली होती."

कौसाबाईंनी ती उचलली, वास घेतला. "मंग शेळीला नगं. शेळी दुधाची हाय."

मापाचा प्रश्न शेवटी मंगलताईंच्या मुलीनं, पूजानं सोडवला. पूजा दहावीत. शाळा सुटली की केंद्रावर यायची आणि पाकिटांवर तारखा लिहायची. तिनं घरून लाल नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक परातीत एक गोल काढला. "या रेघेपर्यंत थापा." बस! ना रिंग, ना कापाकापी. ते गोल अजून आहेत. पुसट झाले की ती परत काढते.

*

याच पूजाचा आणखी एक.

खाद्य परवान्यासाठी एक साहेब केंद्र बघून गेले आणि सूचनांचा इंग्रजी कागद देऊन गेले. मी आणि अनिकेत तेव्हा नगरला होतो. बायकांनी तो पूजाला वाचायला सांगितला.

पूजा मधोमध उभी राहिली आणि खणखणीत आवाजात मराठीत वाचत गेली. डोक्याला टोपी घालावी. नखं कापावीत. बांगड्या वर सारून रुमाल बांधावा. "आणि कौसाबाई यांनी केंद्रात मिश्री लावू नये."

सगळ्या कौसाबाईंकडे बघायला लागल्या! कौसाबाईंना मिश्रीवरून बोलायची वाडीत कुणाची टाप नव्हती.

"कागदावर माजं नाव हाय?" कौसाबाईंनी विचारलं.

"हाय की आज्जी."

"सायबाला कसं कळलं?"

"साहेब शिकलेले असतात."

कौसाबाईंनी कमरेची मिश्रीची डबी काढली, घरी पाठवून दिली. आम्ही परत आलो तेव्हा त्या पांढरी टोपी घालून, स्वच्छ दातांनी भाकऱ्या थापत होत्या! मी तो कागद चार वेळा वाचला. कौसाबाईंचं नाव सोडा, मिश्रीचाही त्यात उल्लेख नव्हता.

कौसाबाईंना हे कळायला महिना लागला. त्या दिवशी त्यांनी पूजाचा कान पिरगाळला. पण डबी काही परत आली नाही.

*

आता हसणं जरा बाजूला ठेवते.

गणपती बसायच्या सुमाराला मंगलताईंचे यजमान केंद्रावर आले. रामदासभाऊ. फार कमी बोलणारा माणूस. दारात चपला काढल्या, आत आले नाहीत.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाला अर्धा कोयता नको असतो. रामदासभाऊ आणि मंगलताई लग्नापासून एक कोयता होते.

"ऑर्डर आली का, म्याडम?"

"येईल. सॅम्पल पाठवतोय."

"कवा?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "मंगलला हितं काम ऱ्हायलं तर ती हितं ऱ्हाईल, पोरगी बी ऱ्हाईल. मी जोडीला चुलतभाऊ बघीन. पन काम नसंल तर आमी दोगं जानार. मंग पोरीला एकटी कुनाच्या जिवावर ठिवू? एक स्थळ आलंय. उरकून टाकतो, म्हंजी काळजी मिटली."

पूजा आत पाकिटांवर तारखा लिहीत होती. पंधरा वर्षांची. तिचा पेन थांबला.

मी भडकले. "रामदासभाऊ, हा गुन्हा आहे. कायदा माहीत आहे ना तुम्हाला?"

"कायदा मला बी ठावं हाय," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. "कायदा सहा म्हैनं माज्या पोरीच्या सोबतीला येऊन ऱ्हानार हाय का?"

मी वळून पूजाकडे बघितलं. 

"दसऱ्यानंतर ट्रक येतो," ते चपला घालता घालता म्हणाले. "त्याच्या आत ऑर्डर दावा. मोबाईलमदलं नगं. कागद दावा."

त्या दिवसापासून केंद्रातल्या भिंतीवरचं कॅलेंडर माझ्या छातीवर बसलं. एकेक तारीख गेली की अनिकेत तिकडे बघायचा आणि मान फिरवायचा. मशरूमवर विनोद करणंही आम्ही सोडून दिलं.

*

सॅम्पल गेलं. दहा पाकिटं, प्रत्येकात सहा भाकरी. पॅकिंग मंगलताईंनी स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आठव्या दिवशी पुण्याहून फोन आला. मी स्पीकर लावला, सगळ्या बायका गोळा झाल्या.

"चव उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "पण प्रत्येक पाकिटात सहाऐवजी सात नग का? आणि सातवा तळहाताएवढाच! असा माल मी दुकानात कसा ठेवू? सगळं नव्यानं करून पाठवा."

मी वळून मंगलताईंकडे बघितलं. त्यांनी पदर चाचपला. "चानकी हाय ती."

चानकी म्हणजे शेवटी उरलेल्या पिठाची छोटी भाकरी. घरातल्या लेकरासाठी करतात. लेकरू चुलीजवळ बसून तिचीच वाट बघत असतं. मंगलताईंनी प्रत्येक वेळी उरलेल्या पिठाची चानकी केली होती आणि एकेका पाकिटात एकेक घातली होती.

"पण का?" अनिकेत ओरडलाच.

"पीठ उरलं, ते टाकून देऊ व्हय?" त्या म्हणाल्या. "आनि पाकीट ज्या घरी जाईल तितं मोठ्या मान्सांस्नी भाकर, आनि लेकराला काईच न्हाई?"

कौसाबाईंनी मान डोलावली. बाकीच्याही डोलावायला लागल्या. त्यांना त्यात चूक दिसतच नव्हती!

माझा तोल गेला. मी म्हटलं, "दुसऱ्यांच्या लेकरांची एवढी काळजी! या चानकीपायी तुमच्या स्वतःच्या लेकराचं काय होणार आहे, कळतंय का?"

  मंगलताईंनी परात ओढली, पीठ घेतलं आणि पुन्हा मळायला बसल्या.  हे वाक्य मला आयुष्यात परत घेता आलं तर मी घेईन. नंतर मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमी खरंच बोललात." त्यानं आणखीच वाईट वाटलं.

दुसरं सॅम्पल पाचव्या दिवशी गेलं. साठ भाकरी, एका मापाच्या, एकही चानकी नाही. पण माल नवा म्हणजे टिकाऊपणाची तपासणीही नव्यानं. मॅडम म्हणाल्या, "दसऱ्याच्या आसपास मेल करते." त्यांचंही काही चुकत नव्हतं. आमचेच दिवस चानकीत गेले होते.

*

तर हा शेवटचा.

ट्रक दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आला. शनिवार, सकाळचे नऊ. केंद्रासमोरच्या लिंबाखाली उभा राहिला आणि माणसं चढायला लागली. पत्रे, भांडी, गाठोडी, कोयते. मुकादम ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न दाबत होता. मंगलताईंचं गाठोडं पहाटेच बांधून झालं होतं. रामदासभाऊंनी ते ट्रकवर चढवलं, पण स्वतः चढले नाहीत. केंद्राच्या दारात येऊन उभे राहिले.

"आला का कागद?"

"अनिकेत जामखेडला गेलाय," मी म्हटलं. "प्रिंट काढून येतोच आहे."

मेल आल्याचा मेसेज सकाळीच आला होता. वाडीत नेट एवढं कमी की मेल उघडेना. म्हणून अनिकेत मोटारसायकल घेऊन गेला होता. केंद्रात त्या दिवशी शेगडी पेटली नव्हती. बारा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मंगलताई रिकाम्या परातीवर हात ठेवून बसल्या होत्या. पूजा शाळेच्या ड्रेसमध्ये होती, शनिवारची सकाळची शाळा, पण ती गेलीच नव्हती.

अनिकेत आला. गाडी स्टँडला न लावता तशीच भिंतीला टेकवली. त्याचा चेहरा बघून मला कळलं. त्यानं कागद माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "मोकळ्या हातानं यायचा धीर झाला नाही."

चार ओळी होत्या. इंग्रजीत. दुसरं सॅम्पल आवडलं. टिकाऊपणाचा रिपोर्ट अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय ऑर्डर देता येणार नाही. क्षमस्व.

ऑर्डर यायला अजून बारा दिवस होते. पण ती येणार आहे हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"काय लिवलंय?" रामदासभाऊंनी हात पुढं केला. मी कागद दिला. काय करणार? त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी तो पूजाकडे धरला.

"वाच."

पूजानं कागद घेतला. तिचे डोळे चारही ओळींवरून खाली गेले, परत वर आले. इंग्रजी तिला चांगलं येत होतं. तिला सगळं कळलं, हे मला कळलं. बाहेर मुकादमानं पुन्हा हॉर्न दिला.

मग तिनं घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. तोच खणखणीत आवाज.

"आपल्या केंद्राचा माल आमच्या सर्व दुकानांत पसंत पडला आहे. आम्ही आपणास सहा महिन्यांची ऑर्डर देत आहोत. दर सोमवारी माल पाठवावा. भाकरी कुरकुरीत असावी, ओलसर चालणार नाही."

माझ्या तोंडातून आवाज निघणार होता. कौसाबाईंनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात धरलं की बोटं उमटली. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, समोर पूजाकडे बघत होत्या.

"सौ. मंगल रामदास यांच्या हाताला चव आहे, असं आमच्या गिऱ्हाइकांचं म्हणणं पडलं. तरी त्यांना या सहा महिन्यांत दुसऱ्या कामाला पाठवू नये. पाठवल्यास ऑर्डर रद्द होईल."

मंगलताईंनी पदर तोंडाला लावला. पूजाची नजर कागदावरून हलली नाही. 

"तसंच, त्यांची मुलगी पूजा हिनं परातीत काढलेले गोल आम्हाला फार आवडले. तिला केंद्रात लेबलं लिहायला ठेवावं. तिची दहावी पुरी होईपर्यंत तिला कुठंही..."  तिनं कागद डोळ्यांजवळ धरला. "कुठंही देऊ नये. कळावे."

तिनं कागद खाली केला.  अनिकेत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

रामदासभाऊ वळले. ट्रककडे गेले, चाकावर पाय देऊन वर चढले आणि मंगलताईंचं गाठोडं ओढून खाली दिलं.

"आरं, ह्ये काय?" मुकादम ओरडला. "अर्धा कोयता घेऊन मी काय करू?"

"चुलतभाऊ एकटाच हाय. त्येच्यासंगं जोडी लावा माजी."

गाठोडं मंगलताईंच्या पायाशी ठेवून ते पूजासमोर आले. तिच्या हातातून कागद घेतला. बोट एकेका ओळीवर ठेवत वरपासून खालपर्यंत नेलं.

"चारच वळी हायेत गं यात," ते म्हणाले. "लई येळ वाचलीस."

मग त्यांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि ट्रकवर चढले.